पहिला घोट

“गाईने पायावर पाय दिला, तर ही बया गाईची माफी मागते,” मागुमेडे म्हणाली. “माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वर तिलाच विचारते, तुला लागलं तर नाही ना.”

शेजारची माभेंगू पोट धरून हसली. दोघी झोपडीमागच्या सावलीत चटईवर ज्वारीचे मोड चोळत बसल्या होत्या. दाणे उन्हात वाळून कडक झाले होते. तळहातावर चोळले की शेपट्या गळून पडत आणि गोडसर, भाजल्यासारखा वास सुटे.

“हसतेस काय? जेवायला बसली की दारात बसते, जिथे वारा लागतो तिथे. मक्याच्या घाट्याचं मऊ मऊ सगळ्यांच्या ताटात, आणि हिच्या ताटात भांड्याची खरवड. विचारलं तर म्हणते, मला खरवडच आवडते. खरवड कुणाला आवडते गं? कुत्र्यालाही मऊ दिसलं की तो खरवड सोडतो.”

“अशी सून मिळायला लोक तिच्या बापाला चार गुरं जास्त देतील.”

“सून असावी. पायपुसणं नको.”

मागुमेडे म्हणजे गुमेडेंची लेक. या डोंगरावर सून होऊन येऊन तिचे केस पांढरे झाले, नवरा मातीत गेला, मुलगा बाप झाला, पण इथे बाईला माहेरचंच नाव मरेपर्यंत चिकटून राहतं. तिची जीभ सगळ्यांना ठाऊक होती. झ्वानेंच्या जावयाला ती तोंडावर बोकड म्हणाली होती. चर्चच्या नव्या प्रचारकाला म्हणाली होती, तुझ्या प्रार्थनेने माझ्या कोंबड्या दुपारीच झोपल्या. लोक ऐकत, हसत, पत्र्यावर गारा वाजाव्यात तसं वाजू देत आणि आपापल्या घरी जात.

नाताळाला, म्हणजे इथल्या पावसाळ्यात, मुलगा भेकानी येऊन गेला आणि तो समुद्राकडे ऊसतोडीला परत जाताच पाऊस लागला. थांबला तेव्हा नदीकाठच्या खालच्या शेतात मका दिसेना. तण कमरेपर्यंत चढलं होतं. वरचं शेत सासूसुनेने दोघींनी कसंबसं भांगलून काढलं, पण वर्षाचं पोट खालच्या शेतावर चालायचं. ते दोघींच्या हाताचं काम नव्हतं. म्हणून इर्जिक बोलावली होती. सगळा डोंगर कुदळी घेऊन येणार, एका दिवसात शेत मोकळं करणार, आणि त्याबदल्यात पोटभर बियर. इथे इर्जिकीला मजुरी नसते. बियर चांगली असली की माणसं येतात, आणि मागुमेडेच्या घरची बियर म्हटली की न बोलावलेलीही येतात.

“लोक येतील ते तुझ्या बियरसाठी,” माभेंगू म्हणाली.

“हं,” मागुमेडे म्हणाली.

त्या ‘हं’मध्ये बरंच काही दडलेलं होतं. मागुमेडेची मनगटं केव्हाच आखडली होती. मोठा डेरा ढवळणं, गवताच्या गाळणीतून पिळून काढणं तिला जमेनासं झालं, तेव्हापासून बियर सून झोद्वा करायची. मोड कधी आले म्हणायचे, आंबील किती आंबू द्यायची, गाळायची वेळ कुठली, हे ती डेऱ्याला कान लावून ओळखायची. लोक पीत, मिशा पुसत आणि म्हणत, मागुमेडे, तुझा हात सोन्याचा. मागुमेडे म्हणे, हं. आणि कुणी चुकून झोद्वाकडे पाहिलंच, तर ती गुडघ्यावर बसल्या बसल्या म्हणे, “पाणी चांगलंय आमच्या झऱ्याचं.”

“एकदा तिच्या हातात देऊन बघ की,” माभेंगू म्हणाली. “तुझ्या माणसांसमोर. पोहायला शिकवतात तसं. ढकलायचं.”

मागुमेडेने चटई झटकली. “ढकलते,” ती म्हणाली.

पण तिने सुनेला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ढकलणं कसलं?

इर्जिकीच्या सकाळी धुकं नदीवरून उठायच्या आत अंगण माणसांनी भरलं. कुदळी गुरांच्या वाड्याच्या कुंपणाला टेकल्या. पुरुष एका बाजूला ओळीने, बायका दुसऱ्या बाजूला पाय लांब करून. मधोमध काळा घडा, त्यावर विणलेलं झाकण. घरातल्या पाठभिंतीशी पितरांचा वाटा झोद्वाने आधीच ठेवला होता. कामाला लागण्याआधी एक घडा उघडायचा, बाकीचे दुपारी.

झ्वानेबाबा पुढे बसले होते. डोंगरावरच्या इर्जिकीचे म्होरके तेच. ते बसले की सगळे बसायचे, ते उठले की शेत सुरू. तरुणपणी त्यांचा धाकटा भाऊ कुणाच्या तरी घरी बियर पिऊन आला आणि रात्रीत गेला. कुणाच्या घरी, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. तेव्हापासून घड्याजवळ बसलेल्या बाईच्या हातावरून त्यांची नजर हलत नसे.

जिने बियर केली तिने सगळ्यांदेखत पहिला घोट घ्यायचा. पोरासोरांना कळतं ते. पोटात पाप नाही, घड्यात विष नाही, हे तोंडाने सांगायचं नसतं, पिऊन दाखवायचं असतं. आजवर हा घोट मागुमेडे घ्यायची. आज ती उठली, भोपळ्याची पळी तिने झोद्वाच्या हातात दिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, “आज माझी सून देईल.”

झोद्वाने झाकण काढलं. फेस गवताच्या चाळणीने बाजूला केला. पळी बुडवून भरली. तिथवर सगळं ठीक होतं. मग तिने ती भरलेली पळी दोन्ही हातांनी मागुमेडेपुढे धरली.

“आई, तुम्ही.”

“मी नाही. तू.”

“तुमच्या आधी? मी कोण?”

“पी म्हणतेय ना.”

झोद्वाने पळी मागे घेतली. थोडी बियर तिच्या मांडीवर सांडली. तिने अंगणातल्या माणसांकडे एकदा पाहिलं, मग मान खाली घातली आणि अगदी हळू, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, “मला नको, आई. मी नाही पीत.”

मागुमेडे हातभर अंतरावर उभी होती. पळी घेऊन तिने घटाघटा प्यायली असती, हसून म्हणाली असती की माझी सून येडी आहे, लाजते, तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण तिने सगळ्यांदेखत शब्द टाकला होता आणि तिचा शब्द आजवर कुणी खाली पडू दिला नव्हता. तिने हात छातीवर बांधले आणि वाट पाहिली. पोरगी वाकेल, पिईल. एक कोंबडी घड्याशेजारून चालत गेली.

झ्वानेबाबांनी गुडघ्यावर ठेवलेली टोपी उचलून डोक्यावर घातली.

“आमच्याकडे वासराला बरं नाही,” ते म्हणाले. “जावं लागेल.”

“मलाही जरा वरच्या कुंपणाचं बघायचंय,” दुसरा म्हणाला.

कुणी कुणाचं नाव घेतलं नाही. कुदळी एकेक करून कुंपणावरून उतरल्या आणि खांद्यांवर चढल्या. बायकांनी मुलं पाठीला बांधली. रांग पायवाटेने खाली निघाली तेव्हा मागुमेडेला भान आलं. तिने सुनेच्या हातातली पळी हिसकली, प्यायली, परत बुडवून प्यायली, आणि बियर हनुवटीवरून गळत असताना कुंपणापर्यंत धावली.

“बघा. पितेय मी. मेले का?”

तिला दिसल्या फक्त पाठी.

त्या दिवशी दोघीच खालच्या शेतात उतरल्या. दुसरं काय करणार? उन्हाने चिखलाला वरून पापुद्रा धरला होता, आत पाय घोट्यापर्यंत जात. कुदळ मारली की तण उपटून येई, पण बरोबर मातीचा गड्डा येई, तो झटकावा लागे. मक्याची पानं हातांवर बारीक बारीक कापत. मागुमेडेच्या मनगटांना कुदळीचा दांडा धरवेना, म्हणून ती गुडघ्यांवर बसून हाताने उपटू लागली. ओळीच्या टोकाला पोचायला तिला इतका वेळ लागे की झोद्वा तोवर दोन ओळी काढून परत आलेली असे.

झोद्वाच्या ओळी सरळ होत्या. एकही मका दुखावला नव्हता. मागुमेडेने ते पाहिलं आणि काही म्हणाली नाही. आयुष्यात बोलायचं सोडून गप्प बसण्याची सवय तिला नव्हती, म्हणून ते गप्प बसणं तिला जेवणानंतर अडकलेल्या घासासारखं टोचत राहिलं.

“आई, तुम्ही सावलीत बसा.”

“बसते. तू मेलीस की बसते.”

झोद्वा परत ओळीत शिरली.

झऱ्याच्या नळावर बायका झोद्वासाठी सरकू लागल्या. आधी सरकत नसत, आधी ती शेवटी उभी राहायची आणि लोक तिच्या पुढे घुसायचे. आता तिची बादली दिसली की सगळ्या आपापली बादली बाजूला घेत, तिची वाट मोकळी करून देत. झोद्वा घरी येऊन म्हणाली, आज नळावर गर्दी नव्हती. मागुमेडेला खरं माभेंगूकडून कळलं.

“तू प्यायलीस ते सांगितलं मी,” माभेंगू म्हणाली. “तर झ्वानेची बायको म्हणते, मागाहून काय कुणीही पिईल. घरात जाऊन उतारा घेऊन आली असेल.”

“मी घरात गेले? तू होतीस तिथे.”

“होते. म्हणाले तसं. माझंही ऐकत नाहीत.”

माभेंगू मात्र आपली कुदळ घेऊन आली. ती झोद्वाच्या शेजारच्या ओळीला लागली आणि मागुमेडे पलीकडच्या मक्यात गुडघ्यांवर होती, ती दोघींना दिसत नव्हती. तण इतकं दाट होतं.

“का नाही प्यायलीस गं?” माभेंगूने विचारलं.

झोद्वाने उपटलेल्या तणाची माती झटकली.

“मला वाटलं,” झोद्वा म्हणाली, “माझं तोंड लागलेलं मग कोण पिईल?”

“अगं, तूच केलेली ना ती?”

“मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्यांदा केली होती. बुडाला लागली होती. जळका वास येत होता. सगळे होते अंगणात. आई म्हणाल्या, असल्या हाताला आम्ही गुरं दिली?”

“मागुमेडे काय, सगळ्यांनाच बोलते. मला भर लग्नात म्हणाली होती, तुझं ढुंगण घड्यावर बसवलं तर झाकण लागणार नाही.”

झोद्वा हसली नाही. “त्या खरं बोलल्या. हात तसाच आहे माझा. आता लोक म्हणतात ना, तर मी विचार करते, माझ्या नकळत काही वाईट असेल का हातात. एखाद्या बाईच्या असतं म्हणतात. तिला स्वतःलाही ठाऊक नसतं.”

“वेडी आहेस का? तुझ्या हातची पिऊन पिऊन माझा गळा झिजला. मेले का मी?”

मागुमेडे मक्यात तशीच बसून राहिली. तिच्या मुठीत उपटलेलं तण होतं आणि मुळांतली ओली माती तिच्या कोपरावरून खाली ओघळत होती. तिला ते वाक्य आठवत नव्हतं. जळलेली बियर आठवत होती, तो वासही आठवत होता, त्या दिवशी आलेले पाहुणे आठवत होते. स्वतःचं वाक्य तेवढं आठवेना. म्हणाली असेल. तिच्यासारखंच होतं ते.

घरी आल्यावर तिने पाहिलं, झोद्वा चुलीपुढे बसली आहे, पण घाटा ढवळत नाही. “आई, तुम्ही ढवळाल का?” ती म्हणाली. “नोक्वांदाला मी वाढत नाही. तुमच्या हातून द्या.” नोक्वांदा म्हणजे तिची मुलगी, दुधाचे दात पडायला लागलेली.

मागुमेडेला ओरडायचं होतं. तिने मोठा लाकडी दांडा हातात घेतला आणि आखडलेल्या मनगटांनी ढवळलं. गुठळ्या झाल्या.

रविवारी भेकानीचा फोन आला. गुरांच्या वाड्यामागे उंचवटा आहे, तिथेच आवाज नीट येतो. मागुमेडे तिथे एक हात कमरेवर ठेवून उभी राहिली. झोद्वा खाली कपडे वाळत घालत होती.

“इथे ऊसतोडीला आपल्या डोंगरावरची माणसं आहेत, आई,” भेकानी म्हणाला. “मला सगळं कळलंय.”

“काय कळलंय? बोल की.”

“मी म्हणतो, झोद्वाला थोडे दिवस माहेरी पाठवू. लोक शांत होईपर्यंत. तिची आत्या वगैरे बघतील, काही असेल तर धुऊन काढतील.”

“माहेरी पाठवू म्हणतोस? आणि मग?”

“मग बघू.”

‘मग बघू’ म्हणजे काय, ते मागुमेडेला ठाऊक होतं. या डोंगरावरून अशा गेलेल्या बायका परत आलेल्या तिने पाहिल्या नव्हत्या. गुरांचा हिशेब मागे राहतो, मुलं बापाच्या घरी राहतात, आणि बाई भावाच्या अंगणात म्हातारी होते.

“तू ऊस कापतोस, तो काप,” ती म्हणाली आणि फोन बंद केला. पण ती मोठ्याने बोलली होती, नेहमीसारखी. खाली दोरीवर झोद्वाने चादरीचं टोक धरलं होतं ते तसंच धरून ती उभी होती.

संध्याकाळी ती बाहेर आली तेव्हा तिच्या पायाशी चादरीचं गाठोडं होतं. “आई, मी जाते उद्या,” ती म्हणाली. “नोक्वांदा तुमच्याकडे बरी. खालचं शेत अर्धं झालंय. माभेंगूकाकू येतील उरलेल्याला.”

“जेव आधी,” मागुमेडे म्हणाली. तिला याहून दुसरं काही सुचलं नाही. चोख शब्द तिला नेहमी दुसऱ्याला टोचायचे असतील तेव्हाच सुचायचे.

मागुमेडेनेच वाढलं. नोक्वांदाच्या ताटात मऊ घाटा आणि भोपळ्याच्या पाल्याची भाजी. पोरीने ताट पाहिलं, हाताने मऊ गोळा उचलून आजीच्या ताटात ठेवला, भांडं ओढून घेतलं आणि चमच्याने बुडाची खरवड काढायला लागली.

“हे काय?” मागुमेडेने विचारलं.

“मला खरवड चालेल,” नोक्वांदा म्हणाली. “तुम्ही घ्या मऊ. मी कोण?”

आणि बसली कुठे, तर दारात, वाऱ्याच्या जागी. पाय जवळ घेऊन, अंग इतकं आवळून, जणू जागा कमी लागली पाहिजे. तिचा चेहरा शांत होता. ती कुणाची नक्कल करत नव्हती. मुली अशाच बसतात, असंच तिला वाटत होतं.

चुलीचं लाकूड तडतडलं. झोद्वाने तिच्या हातातून भांडं काढून घेतलं. तिने ते इतक्या जोरात ओढलं की पोरगी दचकली.

“इकडे ये. चुलीपाशी बस.”

“पण तू पण तिथेच...”

“चुलीपाशी बस म्हटलं ना.”

तिने मऊ गोळा परत तिच्या ताटात ठेवला, स्वतःच्या हाताने. मग तिने भांडं खाली ठेवलं. जेवली नाही. उठली, कोपऱ्यातल्या पोत्याचं तोंड सोडलं, ज्वारी सुपात घेतली, पाखडली, बादलीत ओतून वर पाणी घातलं. गाठोडं दाराशी पडून राहिलं. मागुमेडे विचारणार होती, कशासाठी भिजवतेस, पण तिने पहिल्यांदाच प्रश्न तोंडात आवरला.

मोड येईपर्यंत दोघी रोज शेतात गेल्या. तण निघत होतं, पण मका उठत नव्हता. कोंडलेल्या रोपांची पानं टोकापासून पिवळी पडत होती. एकेक रोप हलवून पाहिलं तर देठ बोटासारखा बारीक. जेवढं शेत त्या एका दिवसात मोकळं व्हायचं होतं, तेवढ्याच्याच कणसांनी घर भरलं असतं. आता उपटून मोकळ्या झालेल्या मातीत भोपळा आणि घेवडा टोकायचा आणि त्यावर निभवायचं.

मोड वाळले, दळले, आंबील आंबवली. आणि झोद्वा आंघोळ करून, डोक्याला नीट फडकं बांधून खाली झ्वानेंच्या घराकडे निघाली.

“मी येते,” मागुमेडे म्हणाली.

“नको, आई.”

तो ‘नको’ वेगळा होता. मागुमेडे गुरांच्या वाड्यामागच्या उंचवट्यावर उभी राहिली. तिथून झ्वानेंचं फाटक दिसायचं. झोद्वा फाटकाशी थांबली, झ्वानेंच्या कुळाचं नाव घेऊन तिने रीतीप्रमाणे हाक दिली आणि उभी राहिली. आतून कुणी आलं नाही. ऊन माथ्यावर आलं. एक बाई आतून आली, पाणी फेकून परत गेली. झोद्वा उभी होती. मागुमेडेच्या जिभेवर झ्वानेंच्या सात पिढ्या जमा झाल्या. खाली जावं आणि त्या फाटकाला लाथ घालावी, असं तिला वाटलं. पण मग आठवलं की गेल्या वेळी तिने उभं राहून वाट पाहिली होती, जेव्हा हलायला हवं होतं. आता हलायचं नव्हतं, तर तिचे पाय हलायला पाहत होते. ती दगडावर बसली.

सावली फाटकाच्या दुसऱ्या बाजूला गेली तेव्हा कुठे एक हात आतून हलला आणि झोद्वा आत गेली.

ती परत आली तेव्हा तिचे ओठ सुकून फुटले होते.

“काय म्हणाले?”

“ऐकलं, म्हणाले.”

“एवढंच?”

“मी पण एवढंच सांगितलं. बियर केलीय, मी केलीय, या.”

ठरल्या दिवशी अंगण भरलं नाही. माभेंगू आली, तिची सून आली, वरच्या अंगाची एक विधवा आली जी कुणाच्याही बियरला यायची. कुदळी कुणी आणल्या नाहीत. झोद्वा घड्याशी बसली. कोण आलं, कोण नाही, हे तिने पाहिलं, पण ती सारखी रस्त्याकडे बघत नव्हती. मागुमेडे बघत होती.

झ्वानेबाबा उशिरा आले. बसले नाहीत. कुंपणाच्या तोंडाशी काठी टेकून उभे राहिले, टोपी डोक्यावर.

झोद्वाने फेस बाजूला केला, पळी भरली. ती कुणापुढे धरली नाही. डोळे उघडे ठेवून प्यायली, सावकाश, शेवटच्या थेंबापर्यंत. पुन्हा भरली, पुन्हा प्यायली. मग घड्याचा काठ पुसून तो माभेंगूपुढे सरकवला.

माभेंगू प्यायली आणि मोठी ढेकर देऊन म्हणाली, “मेले नाही.” विधवा हसली.

झ्वानेबाबा आत आले. खाली बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. घडा दोन्ही हातांनी उचलून तोंडाला लावला. खाली ठेवला तेव्हा त्यांच्या मिशीला फेस होता. मोठ्या माणसाला चूक मान्य करायची असली की तो ती कुणाच्या तरी कौतुकात गुंडाळून देतो. तसंच त्यांनी केलं.

“मागुमेडेच्या घरची बियर,” ते म्हणाले. “सगळा डोंगर ओळखतो. मागुमेडेचा हात तो मागुमेडेचा हात.”

मागुमेडेचं तोंड आपोआप ‘हं’साठी उघडलं.

“नाही, बाबा,” झोद्वा म्हणाली. “आईंचा हात नाही. मी या घरात आल्यापासून आईंनी दोनदाच केली असेल. बाकी तुम्ही सगळ्यांनी प्यायली ती माझी. झऱ्याचं पाणी सगळ्यांना एकच आहे.”

ती हे चढ्या आवाजात म्हणाली नाही. घड्यात एक माशी पडली आहे, असं सांगावं तसं सांगितलं. अंगणातल्या सगळ्यांनी मागुमेडेकडे पाहिलं. माभेंगूच्या सुनेने तोंडावर हात ठेवला. वर्षानुवर्षं मिशा पुसून पुसून दिलेली सगळी शाबासकी त्या नजरांमध्ये परत मागितली जात होती. मागुमेडेची कानशिलं तापली. एक वाक्य जिभेवर आलं, चांगलं धारदार होतं, आणि तिने ते गिळलं. कडू लागलं.

“खरंय,” ती म्हणाली.

झ्वानेबाबांनी मिशीवरचा फेस पुसला. मग झोद्वाकडे घडा सरकवला आणि म्हणाले, “पुढच्या पेरणीला इर्जिक घाल. मी सांगेन सगळ्यांना.” पुढच्या पेरणीला. या वर्षीचं शेत त्यांनी येतानाच वाटेवरून पाहिलं होतं.

सगळे गेल्यावर मागुमेडे एकटीच खालच्या शेतापर्यंत जाऊन आली. ओळी सरळ होत्या, माती स्वच्छ होती, आणि त्यांत मका पिवळा, गुडघ्याएवढा, हलक्या वाऱ्यालाही आडवा होत होता. परत येईपर्यंत दिवस कलला होता. दाराशी गाठोडं नव्हतं. चादर दोरीवर होती.

झोद्वाने घाटा वाढला. नोक्वांदाला मऊ, सासूला मऊ, स्वतःला मऊ. बुडाच्या खरवडीवर पाणी ओतून तिने भांडं कोंबड्यांसाठी बाहेर ठेवलं आणि येऊन चुलीपाशी बसली, मुलीशेजारी. दारातली जागा रिकामी राहिली. मागुमेडेने ती रिकामी जागा जेवणभर पाहिली. किती वर्षं तिथे कुणीतरी बसलं होतं, वाऱ्यात, आणि तिने त्याची फक्त तक्रार केली होती.

“झोद्वा.”

“काय, आई?”

“आज बियर पातळ होती.”

झोद्वाने घास चावला, विचार केला. “नाही,” ती म्हणाली. “घट्ट होती. चांगली होती.”

मागुमेडेने बोटांवरचा घाटा चाटला, ताट खाली ठेवलं आणि सुनेकडे सरळ पाहिलं.

“माझ्या तोंडाला या डोंगरावर कुणी विचारत नाही,” ती म्हणाली. “झ्वाने विचारत नाही, माभेंगू विचारत नाही, माझा स्वतःचा नवरा मरेपर्यंत विचारत नव्हता. असल्या हाताला गुरं दिली, असं मी म्हणाले म्हणे. म्हणाले असेन. तेवढं म्हणून मी उठले असेन आणि कोंबड्या कोंडायला गेले असेन. अंगणातले सगळे घरी पोचेपर्यंत विसरले. तुझा गुन्हा एवढाच आहे, पोरी, की अख्ख्या डोंगरावर तू एकटीने माझं खरं मानलंस.”